आसरांच्या तळ्यातली काठवट

"सही करणार असशील तर ओटी माझ्याकडं दे, आक्का. न्हाईतर दरसालासारखी काठावर ठेव आणि हात जोडून खाली ये."

बळवंतमामानं हे मारुतीच्या देवळासमोर, सगळ्या भावकीदेखत सांगितलं. आवाज चढवला नव्हता. त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशातून घडी घातलेला स्टँपपेपर डोकावत होता आणि त्याला पेन अडकवलेलं होतं.

आईनं पदर खोचला. "वर गेल्यावर बघू," ती म्हणाली. "आधी चला. ऊन चढायला लागलंय."

पेंढारवाडी हे आईचं माहेर. गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा सपाट सडा आहे आणि सड्यावर तळं. तळ्याच्या मधोमध एक खडक पाण्याबाहेर आलेला आहे. त्यावर शेंदूर लावलेले सात दगड, म्हणजे साती आसरा, पाण्यातल्या सात बहिणी. दिवाळी झाली की पहिल्या मंगळवारी गावच्या लग्न झालेल्या लेकी ओटी घेऊन तळ्यावर जातात. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. लेक काठावर थांबते. तिचा भाऊ ओटी लाकडी काठवटीत ठेवतो, तीच भाकरीचं पीठ मळायची पसरट काठवट, आणि ती दोन्ही हातांनी पुढं ढकलत खडकापर्यंत पोहत जातो. भाऊ सख्खाच हवा. ज्या बाईला भाऊ नाही, किंवा ज्याचा भाऊ नेत नाही, तिची ओटी काठावरच्या कातळावर राहते. संध्याकाळच्या आत वानरं नारळ फोडून खातात. कुणी कुणाला काही बोलत नाही, पण कुणाची ओटी कातळावर राहिली हे सगळ्यांना दिसतं, आणि त्या बाईचं माहेर संपलं असं सगळे धरून चालतात.

आईची ओटी अकरा वर्षं कातळावर राहत होती.

आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या तेराव्याला मामानं हक्कसोडीचा कागद पुढं केला होता. बापाच्या जमिनीत मला वाटा नको असं बहिणीनं लिहून द्यायचं, ती हक्कसोड. आमच्याकडे बहिणी सही करतात. त्यात विचारण्यासारखं काही असतं असं कुणालाच वाटत नाही. आई त्या दिवशी म्हणाली, "आज नको." मामानं ते नाही म्हणून घेतलं. पुढच्या दिवाळीत त्यानं तिची ओटी उचलली नाही, मग आईनंही सहीचा विषय काढला नाही. ती दर वर्षी यायची, वर जायची, ओटी कातळावर ठेवायची आणि संध्याकाळच्या एस.टी.नं कोल्हापूरला परत यायची.

यंदा मामानं स्वतःहून फोन केला होता. जमिनीचं काहीतरी काम अडलं होतं. "ये. यंदा तुझी ओटी मी नेतो," एवढंच तो म्हणाला. बाकीचं, म्हणजे सहीचं, मालनमामीनं फोन घेऊन सांगितलं.

मी तेव्हा कोल्हापुरात एका दैनिकात होते आणि मला सुट्टी मंगळवारची असायची. म्हणून मी बरोबर निघाले. आता या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली आहेत.

वाट सोपी आहे. आधी काजूच्या बागांमधून बैलगाडीचा रस्ता, मग थोडी चढण, तीही पायऱ्यांसारख्या दगडांची, आणि शेवटी सपाट सडा. शाळेच्या सहली येतात. तासा-दीड तासात म्हातारी माणसंही गप्पा मारत वर पोचतात. त्या दिवशी आम्ही चाळीसएक जण होतो. पुरुष पुढं, बायका मागं, आणि सगळ्यात मागं आई नि मी, कारण आईची पिशवी माझ्या खांद्यावर होती आणि ती चांगलीच जड होती.

"काय भरलंयस यात?" मी विचारलं.

"काठवट. तुझ्या आजीची."

"आणि?"

"टॉवेल. कपडे."

"कपडे कशाला?"

"घाम येतो गं. तू चाल."

आईला दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला सांगितलं होतं. तेव्हापासून ती रोज सकाळी पोहण्याच्या टँकवर बायकांच्या बॅचला जायची. मी कधी बघायला गेले नव्हते. माझी ड्यूटी रात्री उशिरा संपायची आणि ती परत येईपर्यंत मी झोपलेली असायचे. उथळ बाजूला दांडा धरून ती येरझाऱ्या घालत असेल, असं मी गृहीत धरलं होतं. गुडघे मात्र खरंच सुधारले होते. चढणीला ती माझ्या पुढं गेली.

वर एका जांभळीखाली बायका टेकल्या. हौसाकाकू आधीच येऊन बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, वाळक्या, दात पडलेल्या, पण आवाज खणखणीत. त्यांना भाऊ नव्हताच. लग्न झाल्यापासून त्यांची ओटी कातळावर.

"ये गं सगुणा," त्या आईला म्हणाल्या. "बस माझ्याजवळ. वानराच्या पंगतीतल्या आपण दोघी."

"काकू, यंदा माझं नक्की नाही हं," आई हसून म्हणाली.

"का? सही करतीस व्हय?"

आईनं पाण्याची बाटली काकूंना दिली.

पलीकडे मालनमामी आणि तिची मुलगी शुभांगी बसल्या होत्या. शुभांगीचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं आणि ही तिची पहिली ओटी. हातात हिरवा चुडा, मांडीवर काठवट, आणि चेहरा उतरलेला. तिचा भाऊ अजित फौजेत होता. त्याची रजा मंजूर झाली नव्हती, तसा फोन आदल्या रात्री आला होता.

"पहिलीच ओटी पोरीची," मामी आईला हळूच म्हणाली. "सासरची माणसं इचारणार, पोचली का म्हणून. ह्यांना म्हटलं, तुम्ही न्या की. बाप हायसा. तर म्हणत्यात, नेम म्हंजे नेम. भावानंच न्यायची. आक्काला एक नेम आणि माझ्या पोरीला दुसरा, असं गाव म्हणंल."

"खरं बोलला की बळ्या," आई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा आहे की नाही ते मामीला कळलं नाही. मलाही नाही.

मामा पुढच्या घोळक्यात होता. त्याच्या खांद्यावर नारळाच्या काथ्याच्या दोरीचं वेटोळं होतं. आईनं मला ते दाखवलं.

"ती दोरी बघितलीस? पहिल्यांदा जाणाऱ्या पोरांच्या कमरेला बांधतात. दुसरं टोक काठावर कुणीतरी धरायचं. बळ्याला पोहायला शिकवलं ना, तेव्हा ते टोक माझ्या हातात असायचं. आबा पाण्यात उभे आणि मी काठावर. पाय मार बळ्या, पाय मार, असं ओरडून माझा घसा बसायचा. लई भित्रा होता."

"आणि तू नाही शिकलीस?"

"मी?" आई उठली आणि साडीचं गवत झटकलं. "मी शिकले असते तर दोरी कुणी धरली असती?"

सड्यावर गवत पिवळं पडायला लागलं होतं. मधूनमधून काळा कातळ उघडा. करवंदीच्या जाळ्या ओलांडल्या की तळं एकदम समोर येतं, अगदी पायाशी. पाणी काठोकाठ होतं आणि त्यात आभाळ दिसत होतं. शाळेच्या मैदानाएवढं पाणी, मधे तो खडक, आणि त्यावरचे सात लाल ठिपके. वारा नव्हता. बायकांनी कातळावर चुली मांडल्या. दर वर्षी तिथं वरणभात होतो आणि सगळे एकत्र जेवतात.

ओट्या जायला लागल्या. पुरुष चड्डीवर पाण्यात उतरायचे, बहीण काठवटीत ओटी ठेवायची, भाऊ निघायचा. काठावरून थट्टा चालायची. "अरे शिरप्या, पोट आत घे, बुडशील!" कुणी मधेच दमून काठवटीवर हनुवटी टेकायचा, मग अजून हसणं. खडकावर पोचल्यावर ते ओटी ठेवायचे, हात जोडायचे आणि सूर मारून परत फिरायचे. बहिणी काठावर डोळ्यांवर हात धरून बघत उभ्या असायच्या.

शेवटी तीन काठवटी उरल्या. हौसाकाकूंची, शुभांगीची आणि आईची.

मामा आला. त्यानं खिशातला कागद काढला, उलगडला आणि एका सपाट दगडावर ठेवून त्यावर दुसरा दगड ठेवला. पेन शेजारी.  चुलीपाशी बसलेल्या बायकाही वळून बघायला लागल्या.

"काय ठरलं, आक्का?"

"बळ्या, एक सांग. हा कागद तू आबांच्या तेराव्यालाच का आणला होतास?"

"सगळी जमली हुती म्हणून. साक्षीदार मिळत्यात."

"माझं रडूनसुद्धा झालं नव्हतं रे. तू चार दिवसांनी आला असतास, चहा पिऊन म्हटला असतास, आक्का, सही दे, तर दिली असती. मला जमीन काय करायची होती?"

"मग आता दे."

"आता नाही. आता तू ओटी विकायला बसलायस. मी विकत घेणार नाही."

मामाचा चेहरा लाल झाला. भावकीतल्या कुणीतरी घसा खाकरला. मामानं कागद उचलून पुन्हा घडी घातली. "तर मग ठेव कातळावर. माझं काय म्हणणं न्हाई."

"शैला, पिशवी दे," आई म्हणाली.

मला वाटलं, ती काठवट काढणार आणि कातळाकडे जाणार.  तिनं पिशवी घेतली, काठवट काढून माझ्या हातात दिली आणि उरलेली पिशवी घेऊन ती करवंदीच्या जाळीमागं गेली.

"कुठं चालली ही?" मामीनं विचारलं.

"जाऊ दे गं," हौसाकाकू म्हणाल्या. "रडू आलं असंल."

आई परत आली तेव्हा चुलीपाशी एका बाईच्या हातातला डाव खाली पडला. आईच्या अंगात टँकवर घालतात तसा काळा पोहण्याचा ड्रेस होता, कोपरापर्यंत बाह्या नि गुडघ्यापर्यंत पाय असलेला. डोक्यावर निळी रबरी टोपी. कुंकू तसंच. एकसष्ट वर्षांची माझी आई, जिला मी घरातही कधी साडीशिवाय पाहिलं नव्हतं, साडी नीट घडी करून हातावर घेऊन उभी होती.

"ही धर," ती मला म्हणाली. "चिखलात टाकू नको."

कुणीतरी फिस्सकन हसलं. एक पोरगं म्हणालं, "आयला, मासा!" त्याच्या आईनं त्याला धपाटा घातला.

"आक्का!" मामा पुढं आला. "काय चाललंय हे? बाईमाणसानं त्या पाण्यात उतरायचं न्हाई!"

"कुणी सांगितलं?"

"कुणी म्हंजे? पहिल्यापासनं हाय."

"हौसाकाकू, तुम्ही सगळ्यात मोठ्या," आई म्हणाली. "बाईनं उतरायचं नाही असं आहे का?"

 काकू कधी नव्हे त्या सावकाश बोलल्या. "न्हाई बा. असं कुणी म्हटल्यालं मला तरी ठावं न्हाई. माझ्या आजीनंबी कवा सांगितलं न्हाई. भावानं न्यायची, कारण भावाला पवायला यायचं." त्या थांबल्या. "आमाला कुणी दोरी बांधलीच न्हाई, मग आमी काय उतरणार?"

"पण नेम भावाचा हाय!" मामा म्हणाला.

"नेम ओटी पोचायचा हाय रं," काकू म्हणाल्या. "आणि त्या सातीच्या साती बहिणीच हाईत. त्यांचा कुठला भाऊ बसलाय तिथं?"

आता हसणारे वेगळे होते. मामानं मागं वळून कोण हसतंय ते बघितलं.

तेवढ्यात आई पाण्यात उतरली होती. गुडघाभर, कमरेएवढ्या पाण्यात. पाणी गार होतं. तिचे खांदे आखडलेले मला दिसले. मी काठवट पाण्यावर ठेवली, ओटी मांडली, नारळ मधे, तांदूळ खणात बांधलेले, हळदकुंकवाच्या पुड्या. 

"आई, तुला येतं का?"

"टँकवरची फळी धरून येतं," ती म्हणाली. "शिकवणाऱ्या मोहितेबाई सारख्या म्हणायच्या, आता फळी सोडा, हात मारायला शिका. मी म्हटलं, हात नकोत मला. फळीच राहू दे."

मग तिनं काठवटीचे दोन्ही कान धरले, पाय उचलले आणि ती निघाली.

मी पोहण्यातलं काही सांगू शकत नाही. एवढंच सांगते की पुरुष धपाधप पाणी उडवत गेले होते आणि आईच्या मागं फक्त पांढऱ्या फेसाची एक छोटी रेघ उठत होती. ती सावकाश जात होती. निळी टोपी, तिच्यापुढं काठवट, काठवटीत नारळ.  पाण्यात असलेला, आईच्या चुलत भावाचा मुलगा तिच्या जवळ गेला आणि म्हणाला, "आत्ती, धरू का?"

"बाजूला हो," आईचा आवाज पाण्यावरून स्पष्ट आला. "तुझ्या लाटा लागतात."

अर्ध्याच्या पुढं तळ्यात वेली आहेत. पुरुषांना सवय असते, ते वळसा घालतात. आईला ते काठावरून दिसलेलं नसणार. ती सरळ गेली आणि थांबली. काठवट एका बाजूला कलली. नारळ घरंगळत कडेला आला. तिचा एक पाय वर आला, त्यात हिरवी वेल गुंतलेली दिसली आणि पाय पुन्हा आत गेला.

"आक्का! मागं फिर!" मामा कपड्यांसकट पाण्यात घुसला होता. छातीपर्यंत पाण्यात तो उभा होता. "आक्का, काठवट सोड, मी येतो!"

"ए, गप रं!" हौसाकाकू ओरडल्या. "दम धरू दे तिला."

आईनं काठवट सोडली नाही. तिनं हनुवटी काठवटीच्या कडेला टेकवली आणि ती नुसती तरंगत राहिली. मला ती आता बुडेल असं वाटत होतं आणि ओरडावं की नाही ते कळत नव्हतं. मग तिनं एका हातानं पाण्यात काहीतरी उपसलं, हिरवी वेल बाजूला फेकली, बोटानं नारळ मधे सरकवला आणि पुन्हा फेसाची रेघ सुरू झाली. वेलींच्या बाहेरून, वळसा घालून.

खडकावर चढताना तिचं सगळं अवसान गेलं. गुडघे वाकेनात. ती पोटावर सरपटत वर गेली. काठावरून ते अजिबात छान दिसलं नाही. पण वर गेल्यावर ती उभी राहिली, टोपी सारखी केली, आणि काठवट ओढून घेतली.

मामी मोठ्यानं रडायला लागली. कारण नसताना मलाही रडू आलं. मग बायकांनी टाळ्या वाजवल्या, नाटकात वाजवतात तशा, आणि काही पुरुषांनीही.

आई आसरांपाशी खाली बसली. किती वेळ बसली ते सांगता येणार नाही. वाकून काहीतरी करत होती. मग तिथूनच ओरडली, "काय रे हे! इथं हळदकुंकू कुणी लावतच न्हाई व्हय? नुसतं टाकून येताय! पुड्या तशाच पडल्यात, दगूड कोरडं पडलेत!"

पुरुष एकमेकांकडे बघायला लागले.

"लावत न्हाई व्हय रे?" मामीनं शेजारच्या दिराला विचारलं.

"वैनी, पाण्यातनं गेलेला माणूस... हात वले असत्यात..." तो पुटपुटला.

"हिचेबी वलेच हाईत की!"

त्यावर जो हशा झाला, त्यात काही मिनिटं गेली. आईनं साती दगडांना हळदकुंकू लावलं. आधीच्या सगळ्या ओट्या नीट लावून ठेवल्या. मग ती खडकावरून घसरत पाण्यात आली आणि रिकाम्या काठवटीनं परत निघाली. येताना ती वेगात होती.

काठाला लागल्यावर ती गुडघाभर पाण्यात उभी राहून धापा टाकत होती. ओठ निळसर झाले होते. मी टॉवेल घेऊन पुढं गेले. पण माझ्या आधी हौसाकाकू पोचल्या होत्या. लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरून त्या पाण्यात उतरल्या होत्या आणि त्यांच्या हातात खणात बांधलेली ओटी होती.

"सगुणा," त्या म्हणाल्या. त्यांचा खणखणीत आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "माझी नेशील का गं?"

आईनं टॉवेल नाकारला. "द्या."

"दमलीस का पण तू?"

"काकू, द्या म्हटलं ना."

दुसऱ्या खेपेला कुणी हसलं नाही, कुणी ओरडलंही नाही. बायका पाण्याच्या कडेला रांगेत उभ्या राहून बघत होत्या. काकू मात्र बघत नव्हत्या. त्या तळ्याकडे पाठ करून चुलीपाशी बसल्या होत्या आणि सारखं विचारत होत्या, "पोचली का? पोचली का गं?" शेवटी मामी म्हणाली, "पोचली, काकू." तेव्हा त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि वरणात मीठ टाकलं. ते त्या दिवशी दुसऱ्यांदा पडलं होतं, पण जेवताना कुणी बोललं नाही.

आई परत आली तेव्हा काठावर बसलीच. मी तिच्या पाठीवर टॉवेल टाकला. ती कुडकुडत होती आणि हसत होती. मी तिचे पाय चोळायला लागले.

मामा अजून पाण्यातच होता, गुडघ्याएवढ्या पाण्यात. छातीपर्यंत भिजलेला, शर्ट अंगाला चिकटलेला. त्यानं कागद मात्र वेळेवर वर धरलेला असणार, कारण तो कोरडा होता. तो हातात घेऊन मामा उभा होता. त्याच्या मागं शुभांगी उभी होती, काठवट छातीशी धरून.  नुसती येऊन उभी राहिली होती.

मामीनं मामाला कोपरानं ढोसलं. मामा हलला नाही. तिनं पुन्हा ढोसलं.

"आक्का," मामा म्हणाला.

आईनं वर बघितलं.

"आक्का... शुभीची..." पुढचं त्याला येईना. त्यानं हातानं पोरीच्या काठवटीकडे दाखवलं.

"आधी सही करू का?" आई म्हणाली.

ते तिनं हळूच विचारलं होतं, पण चुलीपर्यंत ऐकू गेलं. मामा पायाखालच्या पाण्याकडे बघत राहिला. त्याच्या पायांभोवती बारीक मासे जमले होते. मग त्यानं मान हलवली.

"नगं, आक्का."

"नक्की?"

"नगं म्हटलं ना! तुझं तुझ्यापाशी राहू दे."

आईनं टॉवेल बाजूला केला आणि माझा खांदा धरून ती उभी राहिली.  मी म्हटलं, "आई, बास. तिसऱ्यांदा नको. तुझ्यात ताकद नाहीये." ती म्हणाली, "नाहीच आहे." मग ती मामाकडे वळली.

"बळ्या, ती दोरी आण."

मामाला आधी कळलंच नाही. मग तो धावत गेला आणि दोरीचं वेटोळं घेऊन आला. आईनं एक टोक कमरेला बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली आणि दुसरं टोक त्याच्यापुढं धरलं.

"मी थांबले तर ओढायचं. न थांबता उगाच ओढायचं नाही. समजलं?"

"समजलं."

मामाला दोन्ही हात मोकळे हवे होते. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि हातातला कागद माझ्याकडे दिला. "हे धर गं जरा." मी तो आईच्या साडीच्या घडीत ठेवला. अजून माझ्याकडे आहे तो. मामानं परत मागितला नाही आणि मीही आठवण केली नाही.

शुभांगीनं ओटी काठवटीत मांडली. तिच्या बांगड्या वाजत होत्या. "आत्ती, सावकाश," ती म्हणाली. आईनं ओल्या हातानं तिच्या गालाला हात लावला, काठवट धरली आणि पाय उचलले.

या खेपेला ती फारच हळू जात होती. मामा काठावर पाय रोवून उभा होता, दोरी हातांतून थोडी थोडी सोडत. बायका त्याच्या मागं उभ्या राहून बघत होत्या. वेलींच्या अलीकडे फेसाची रेघ बारीक झाली आणि मामाच्या हातातली दोरी ताठ झाली. त्यानं ओढली नाही. त्याऐवजी तो ओरडायला लागला. सुरुवातीला हळू, मग जोरात, मान लांब करून, शिरा फुगवून, सगळा सडा ऐकेल असा.

"पाय मार, आक्का! पाय मार! पाय मार!"

पाण्यावरून आईचा आवाज आला, धापा टाकत, पण चांगला खणखणीत.

"आरडू नगंस, बळ्या! दोरी सैल सोड!"